बसवलेली आवृत्ती आणि चाललेली आवृत्ती

महासंगणकाची बातमी आपल्याकडे ठरावीक साच्यात येते. किती पेटाफ्लॉप, किती कोटी, कोणत्या संस्थेत, कोणाच्या हस्ते. २६ सप्टेंबर २०२४ रोजी 'परम रुद्र' मालिकेतील तीन यंत्रे राष्ट्राला अर्पण झाली. एक पुण्याच्या जीएमआरटीसाठी, दुसरे दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरसाठी, तिसरे कोलकात्याच्या एस. एन. बोस केंद्रासाठी; एकंदर खर्च सुमारे १३० कोटी रुपये. त्याच दिवशी हवामानशास्त्रासाठी पुण्याचे 'अर्क' आणि नोएडाचे 'अरुणिका' हेही सुरू झाले. मी राहते त्या तंजावरपासून जवळच, तिरुचिरापल्लीच्या एनआयटीत, ८३८ टेराफ्लॉप क्षमतेचे 'परम पोरुळ' मे २०२२ पासून आहे. 'पोरुळ' हा तमिळ शब्द मोठा अर्थगर्भ आहे: द्रव्य, वस्तू आणि आशय हे तीनही अर्थ त्यात येतात. ही यंत्रे आपल्या देशात उभी राहतात याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही प्रत्येक बातमी वाचताना एक प्रश्न मनात उरतो: या यंत्रांवर निघालेले उत्तर नेमक्या कोणत्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीने काढले, याची नोंद कोण ठेवणार?

हा प्रश्न कारकुनी वाटेल. मलाही तसाच वाटत असे. गेल्या पावसाळ्यात (इथला पावसाळा म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, हे पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी) माझे मत बदलले, आणि ते बदलायला फक्त २४ गणना पुरल्या.

आमचे काम कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील शेतमातीची नैसर्गिक किरणोत्सारिता मोजण्याचे आहे. माती वाळवून, चाळून डब्यात भरायची, सोडियम आयोडाइडच्या डिटेक्टरसमोर ठेवायची आणि गॅमा वर्णपट नोंदवायचा. पोटॅशियम-४० या समस्थानिकाचा १४६१ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टजवळचा उंचवटा आमच्या मांडणीत साधारण ६० चॅनेलांवर पसरतो. मातीविनाही डिटेक्टर काही ना काही मोजतच असतो. ती पार्श्वभूमी वजा करण्यासाठी रिकाम्या डब्याची मोजणी पाच रात्री घेतो आणि प्रत्येक चॅनेलमधील पाच आकड्यांची सरासरी काढतो. हे गणित करणारा छोटा प्रोग्रॅम मी डॉक्टरेटच्या काळात पायथनमध्ये लिहिला होता. त्यावर आधारलेला, ४१ नमुन्यांचा एक शोधनिबंध माझ्या नावावर आहे.

माझी विद्यार्थिनी एका संध्याकाळी दारात उभी राहून म्हणाली, "मॅम, तुमच्या तक्त्यातला सातवा नमुना मला मिळत नाही." तिच्या लॅपटॉपवर उत्तर ५८८ येत होते, माझ्या तक्त्यात ६१२ होते. मूळ मोजणीची फाइल तीच होती. प्रोग्रॅमही अक्षरन् अक्षर तोच.

माझी पहिली प्रतिक्रिया सांगायला आज संकोच वाटतो. "सहाशेचे वर्गमूळ चोविसाच्या आसपास येते. एवढा चढउतार असायचाच," असे मी तिला म्हणाले. ती क्षणभर थांबली आणि शांतपणे म्हणाली, "पण मॅम, मोजणी पुन्हा केलेलीच नाही. फाइल एकच आहे." तिचेच बरोबर होते. सांख्यिकीय चढउतार निसर्गाच्या मोजणीत असतो; एकाच फाइलीवर एकच बेरीज-वजाबाकी दोनदा केली तर उत्तरात चढउतार असण्याचे कारण नाही. फरक नेमका अनिश्चिततेच्या आकाराचा होता, म्हणूनच तो इतकी वर्षे माझ्या किंवा परीक्षकांच्या नजरेला खुपला नाही.

शोध सुरू झाला. जुन्या विश्लेषणाचा सर्व्हर अजून जिवंत होता. मी त्यावर लॉगिन केले, पायथनला आवृत्ती विचारली, उत्तर आले ३.८. तिच्या लॅपटॉपवरही तिसऱ्याच पिढीचे पायथन. म्हणजे आवृत्तीचा प्रश्न मिटला, अशी खूणगाठ बांधून आम्ही दोन दिवस नको तिथे शोधत राहिलो. मोजणीच्या फाइली तपासल्या, वायर तपासल्या, अगदी डब्यांवरच्या चिठ्ठ्याही तपासल्या.

चूक माझ्या प्रश्नात होती. मी विचारले होते, 'मी इथे पायथन असे टाइप केले तर कोण उत्तर देते?' संगणक त्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे देत होता. टर्मिनल उघडताच माझे स्वतःचे कोंडा वातावरण आपोआप सुरू होत असे आणि त्यातले ३.८ पुढे येत असे. विश्लेषण मात्र मी टर्मिनलमधून कधी चालवतच नव्हते. ते रात्री दोन वाजता क्रॉनकडून आपोआप चाले, आणि क्रॉनला माझे वातावरण ठाऊक नसते. तो यंत्रणेचे मूळ पायथन उचलतो. सर्व्हरवर सेंटओएस ७ होते; त्याचे मूळ पायथन २.७.५.

दुसऱ्या पिढीच्या पायथनमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की अपूर्णांक गळून पडतो. चौदाला पाचने भागले तर २.८ ऐवजी २. तिसऱ्या पिढीत तेच चिन्ह २.८ देते. पाच रात्रींच्या बेरजेला पाचने भागताना बाकी ०, १, २, ३ किंवा ४ उरणार, म्हणजे दर चॅनेलमागे सरासरी ०.४ गणना गळणार. साठ चॅनेल, प्रत्येकी ०.४: चोवीस. पार्श्वभूमी तेवढी कमी वजा झाली आणि मातीतील पोटॅशियम तेवढे जास्त दिसले. फरक ४ टक्के, आणि ४१ पैकी ४१ नमुन्यांत एकाच दिशेने. यादृच्छिक चूक असती तर सरासरीत विरून गेली असती; ही विरणारी नव्हती. प्रोग्रॅमने एकदाही तक्रार केली नाही, कारण त्यातली प्रत्येक ओळ दोन्ही पिढ्यांत वैध होती.

तर मुद्दा असा. संगणकावर कोणत्या आवृत्त्या बसवलेल्या आहेत हे शोधणे एक, आणि आपले उत्तर कोणत्या आवृत्तीने काढले हे शोधणे दुसरे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचेही मिळाले, असे आपण गृहीत धरतो. माझी दोन वर्षांची मेहनत त्या गृहीतकात अडकली होती.

पहिला प्रश्नही वाटतो तितका सोपा नाही, आणि विद्यार्थ्यांनी यात थोडे हात घालून पाहावे असे मला वाटते. रनटाइम म्हणजे एखाद्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालवणारी यंत्रणा. एकाच संगणकावर तिच्या पाच-सहा प्रती सुखाने नांदू शकतात आणि प्रत्येकीची स्वतःला ओळखण्याची रीत निराळी असते. प्रयोगशाळेतील उपकरणांची सॉफ्टवेअरे पुष्कळदा विंडोजच्या डॉटनेट फ्रेमवर्कवर चालतात. त्याच्या ४.५ पासून ४.८.१ पर्यंतच्या आवृत्त्या शेजारी शेजारी राहत नाहीत. नवी आली की जुनीची जागा घेते. कोणती आहे हे कळण्यासाठी रजिस्ट्रीत 'रिलीज' नावाचा एक आकडा पाहावा लागतो. ५२८०४० किंवा त्याहून मोठा असेल तर किमान ४.८ निश्चित आहे. 'किंवा त्याहून मोठा' हे शब्द महत्त्वाचे, कारण त्याच ४.८ साठी विंडोजच्या वेगळ्या बांधणीत ५२८०४९ हा आकडा सापडतो. जो बरोबरीचे चिन्ह वापरतो तो फसतो. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे फ्रेमवर्क ३.५ ज्या गाभ्यावर चालते त्या गाभ्याची आवृत्ती २.० आहे. एकाच वस्तूला दोन आकडे, आणि दोन्ही खरे! अलीकडच्या डॉटनेटने हा गोंधळ बराच आवरला. त्याच्या आवृत्त्या शेजारी शेजारी राहतात आणि एका आज्ञेत सगळ्या रनटाइमांची यादी मिळते. मात्र तिथेही प्रोग्रॅम बांधण्याचा संच आणि प्रोग्रॅम चालवणारा रनटाइम यांच्या याद्या वेगळ्या असतात.

जावाची तऱ्हा आणखी वेगळी. आठवी आवृत्ती स्वतःला १.८ म्हणवते, सप्टेंबर २०१७ मध्ये आलेली नववी मात्र सरळ ९. 'एक-टिंब' नंतरचा आकडा वाचणारे तपासनीस प्रोग्रॅम तिथे अडखळले. शिवाय आवृत्ती विचारणाऱ्या नेहमीच्या आज्ञेचे उत्तर जावा प्रमाणित प्रवाहावर न देता त्रुटींच्या प्रवाहावर देते. प्रमाणित प्रवाहाकडे कान लावून बसलेल्या प्रोग्रॅमला काहीच ऐकू येत नाही आणि तो निष्कर्ष काढतो की जावा बसवलेलेच नाही.

आणि आकड्यांची तुलना? ३.१० मोठे की ३.९? शाळेतील दशांश अपूर्णांक शिकलेला मुलगा ३.९ म्हणेल. आवृत्तीला मजकूर समजून अक्षराअक्षराने तुलना करणारा प्रोग्रॅमही ३.९ च म्हणेल. पायथन ३.१० आले तेव्हा आवृत्तीची पहिली तीन अक्षरे वाचणाऱ्या प्रोग्रॅमांना ते ३.१ वाटले. आवृत्ती ही संख्या नाही, ती टिंबांनी जोडलेल्या पूर्णांकांची मालिका आहे, एवढे ध्यानात ठेवले तरी बरेच साधते.

याखेरीज सर्वांत खोल अडचण लपलेल्या प्रतींची. अनेक मोठी सॉफ्टवेअरे स्वतःचा रनटाइम आणि स्वतःची लायब्ररी पोटात घेऊनच येतात. यंत्रणेच्या यादीत त्यांचे नाव कुठेच नसते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावा लायब्ररीतील गंभीर भेग उघड झाली, तेव्हा जगभरच्या यंत्रणा-प्रशासकांना पहिला प्रश्न पडला तो 'दुरुस्त कसे करायचे' हा नव्हता. 'ही आपल्याकडे आहे कुठे' हा होता. सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी ठेवण्याविषयी आपल्या 'सर्ट-इन'ने ऑक्टोबर २०२४ मध्ये तांत्रिक मार्गदर्शक तत्त्वे काढली. सुरक्षेच्या निमित्ताने का होईना, यादीचे मोल सरकारदरबारी मान्य झाले. विज्ञानाने तरी मागे का राहावे?

'भागाकाराचा प्रश्न जुना झाला, पायथन २ तर १ जानेवारी २०२० रोजीच निवृत्त झाले,' असे कोणी म्हणेल. सेंटओएस ७ चा आधार मात्र ३० जून २०२४ पर्यंत चालू होता, आणि त्याच्यासोबत ते निवृत्त पायथनही कामावर येतच राहिले. शिवाय बदल थांबलेले नाहीत. अडीचला जवळच्या पूर्णांकात बदलायला सांगा: पायथन २ तीन म्हणेल, पायथन ३ दोन म्हणेल, कारण नव्या नियमात अर्धा आला की जवळची सम संख्या निवडतात. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आले. ३२-बिटी एकट्या संख्येत पायथनची साधी दशांश संख्या मिळवली तर पूर्वी ६४-बिटी उत्तर मिळे, आता ३२-बिटी मिळते. नियम अधिक सुसंगत झाला, हे मान्य. पण नाजूक वजाबाकी करणाऱ्या एखाद्या जुन्या प्रोग्रॅमची अचूकता त्यात निम्म्यावर येऊ शकते आणि तो चुकूनही बोलणार नाही.

हे भोग माझ्या एकटीचे नाहीत. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्टच्या गटाने २०१२ मध्ये मेंदूच्या प्रतिमांवरून आकारमान काढणाऱ्या फ्रीसर्फर या सॉफ्टवेअरची परीक्षा घेतली. त्याच प्रतिमा, सॉफ्टवेअरची आवृत्ती तेवढी वेगळी. मेंदूच्या भागांच्या आकारमानात सरासरी ८.८ टक्के फरक निघाला. मॅकची ऑपरेटिंग सिस्टीम १०.५ ऐवजी १०.६ केली, तरीही फरक पडला. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांना आढळले की, २०१४ पासून अनेकांनी वापरलेला रासायनिक विस्थापनाच्या गणनेचा एक पायथन प्रोग्रॅम विंडोज १० वर १७३.२ देतो, उबुंटू १६ वर १७२.४ आणि मॅकच्या मोहावे आवृत्तीवर १७२.७. कारण क्षुल्लक होते. फाइलींची यादी विशिष्ट क्रमाने मिळेल असे प्रोग्रॅमने गृहीत धरले होते, आणि तो क्रम प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीम आपापल्या मर्जीने देते. एका ओळीत यादी क्रमवार लावली की दोष नाहीसा. ती एक ओळ मात्र पाच वर्षे कोणी लिहिली नाही.

तंजावरात राहून मला या साऱ्याची एक वेगळीच टोचणी लागते. माझ्या घरापासून सायकलवर सरस्वती महाल ग्रंथालय येते. दुसरे सरफोजी राजे यांनी वाढवलेल्या या संग्रहात संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखिते आहेत, मोडीचे कागद आहेत. इंग्रज न्यायाधीश बर्नेल याने येथील संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची १८८० मध्ये छापली. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला 'या संग्रहात अमुक ग्रंथ आहे' एवढे पुरत नाही. कोणती प्रत, कोणाच्या हातची, कोणत्या शकातील, हे तो विचारतो. त्याला आधार असतो तो शेवटच्या पानावरील पुष्पिकेचा. तीत नकलकार आपले नाव, तिथी आणि पुष्कळदा स्थळ लिहून ठेवतो. सगळेच नकलकार लिहीत नाहीत, पण जे लिहितात त्यांच्यामुळे पाठभेदांची वंशावळ लावता येते. बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेखही आपला काळ सांगतो. (दगडाला आपोआप अपडेट येत नाही, ही त्याची मोठी सोय.) दोनशे वर्षांपूर्वीच्या नकलकाराने जी माहिती मागे ठेवली, ती माझ्या शोधनिबंधात नव्हती. 'विश्लेषण पायथनमध्ये केले' असे एक वाक्य होते फक्त.

माझे म्हणणे आता स्पष्ट मांडते. आवृत्तीची नोंद माणसाने आठवणीने किंवा टर्मिनलला विचारून करू नये. उत्तर काढणाऱ्या प्रोग्रॅमने ती चालता चालता, स्वतःच्या आतून करावी. चालत असलेल्या पायथनला आपली नेमकी आवृत्ती, आपण डिस्कवर कोणत्या जागेवरून सुरू झालो ती जागा आणि आयात केलेल्या प्रत्येक लायब्ररीची आवृत्ती ठाऊक असते. चार ओळींत ती उत्तरासोबत त्याच फाइलीत लिहिता येते. महासंगणकांवरही असाच भेद आहे. मॉड्यूल प्रणालीची एक आज्ञा उपलब्ध आवृत्त्या दाखवते, दुसरी सध्या भारित असलेल्या. नोंदवायची ती दुसरी, आणि तीही कामाच्या फाइलीच्या आतून, लॉगिनच्या पडद्यावरून नव्हे.

संस्थांकडून माझी अपेक्षा याहून थोडी जास्त आहे. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानाची तरतूद ४,५०० कोटींची. एवढ्या पैशातून उभ्या राहिलेल्या यंत्रावर प्रत्येक कामाच्या शेवटी आवृत्त्यांची एक पुष्पिका आपोआप लिहिली जावी. वापरकर्त्याने ती मागण्याची वाट पाहू नये. आपले प्रबंध 'शोधगंगा'त जमा होतात ही फार मोलाची व्यवस्था आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने ती उभी केल्यामुळे तंजावरात बसून मला गुवाहाटीचा प्रबंध वाचता येतो. तिथे प्रबंधासोबत गणनेच्या नोंदीची एक साधी मजकूर फाइलही सक्तीची करावी.

यावर दोन आक्षेप मला नेहमी ऐकावे लागतात. सगळे कंटेनरमध्ये बंद करा म्हणजे प्रश्नच उरत नाही, हा पहिला. ज्यांना जमते त्यांनी जरूर करावे. पण कंटेनरच्या कृतीत आवृत्तीच्या जागी 'नवीनतम' असे लिहिणारेही मी पाहिले आहेत. पुढल्या वर्षी त्याच कृतीतून निराळा कंटेनर तयार होतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: आवृत्त्या जाहीर केल्या तर हल्लेखोरांना कच्चे दुवे सापडतील. चालू सर्व्हरची संपूर्ण यादी उघड्यावर टांगू नये, हे मला मान्य आहे. मात्र दोन वर्षांपूर्वी संपलेल्या गणनेत कोणते नमपाय होते, हे सांगितल्याने कोणाचे दार उघडे पडत नाही. उलट निवृत्त पायथनवर राष्ट्रीय निधीतील काम चालू असेल, तर ते लपवण्याने सुरक्षित होत नाही.

आमच्या निबंधाचे दुरुस्तीपत्र गेल्या महिन्यात नियतकालिकाकडे गेले. ४१ नमुन्यांचा तक्ता पुन्हा छापावा लागेल. पोटॅशियमचे सर्व आकडे खाली येतील, थोरियमच्या शिखराची फेरतपासणी अजून चालू आहे. लेखकांच्या यादीत आता विद्यार्थिनीचेही नाव आहे. तिने आग्रहाने पूरक सामग्रीत दोन नोंदी जोडल्या, एक २.७.५ ने काढलेल्या उत्तरांची आणि दुसरी नव्या आवृत्तीच्या उत्तरांची, दोन्ही प्रोग्रॅमने स्वतःच लिहिलेल्या. संपादकीय कार्यालयाचे उत्तर परवा आले. दुरुस्ती त्यांना मान्य आहे. आवृत्त्यांच्या फाइली कोणत्या शीर्षकाखाली घ्यायच्या, याचा रकाना त्यांच्या अर्जात नाही, म्हणून त्या काढून टाकता येतील का, अशी विचारणा त्यांनी केली आहे. ते पत्र मी तिच्याकडे पाठवले आहे. उत्तर तीच लिहिते आहे.